जलजीवालये, ॲक्रिलिकची मोठी

मासे, कासवे, प्रवाळ इ. जलचर प्रेक्षकांना समोरून पाहता यावेत म्हणून ज्या पाणीसाठ्याची एक किंवा अधिक बाजू ॲक्रिलिक प्लॅस्टिकच्या जाड, पारदर्शक तावदानांनी बंद केलेली असते, त्याला ॲक्रिलिकचे जलजीवालय म्हणतात. घरगुती काचपेटीत पन्नास-शंभर लिटर पाणी मावते; प्रस्तुत नोंदीत ज्यांचा विचार केला आहे त्या जलजीवालयांत ते दहा हजार लिटरांपासून कित्येक लाख लिटरांपर्यंत असते. अशा बांधकामाला किती खर्च येईल, याचा अंदाज सामान्यतः लिटरांच्या हिशेबाने बांधला जातो आणि तो बहुधा चुकतो. पाणी किती आहे यापेक्षा ते किती खोल आहे, तावदान एकसंध आहे की जोडाचे, ते कोठून व कसे आणावयाचे, खालची जमीन कशी आहे आणि पाणी स्वच्छ व योग्य तापमानाचे ठेवण्यासाठी रोज काय लागते, यांवर खर्च ठरतो. यामुळेच एकाच मापाचे जलजीवालय मुंबईच्या किनाऱ्यावर आणि लातूर–नांदेडसारख्या अंतर्भागात सारख्या खर्चात उभे राहत नाही. नोंदीच्या अखेरच्या भागात किल्लारी परिसराचे उदाहरण याच कारणासाठी घेतले आहे.

लंडनच्या प्राणिसंग्रहोद्यानात १८५३ मध्ये सार्वजनिक मत्स्यगृह उघडण्यात आले. तेव्हापासून सु. शंभर वर्षे दर्शनी बाजूसाठी काच हेच द्रव्य वापरात होते. काचेची तावदाने फार मोठी करता येत नसल्याने, भिंतीत ओळीने बसविलेल्या खिडक्या व त्यांमागे स्वतंत्र टाक्या, असे जलजीवालयाचे रूप रूढ झाले. मुंबईतील मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय याच पठडीतले. त्याचे उद्‌घाटन २७ मे १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. त्याच्या ८ लाख रु. खर्चापैकी २ लाख रु. तारापोरवाला या पारशी दानशूरांच्या देणगीतून मिळाले होते. नूतनीकरणानंतर हे मत्स्यालय मार्च २०१५ मध्ये पुन्हा खुले झाले, तेव्हा त्यात १२ फूट (सु. ३·६६ मी.) लांबीचा, प्रेक्षकांच्या डोक्यावरून अर्धवर्तुळाकार जाणारा ॲक्रिलिकचा बोगदा बसविलेला होता. या नूतनीकरणाचा खर्च सु. २२ कोटी रु. असल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. चौसष्ट वर्षांत रुपयाचे मूल्य इतके बदलले आहे की, या दोन आकड्यांची सरळ तुलना करण्यात अर्थ नाही. तथापि या अवधीत जलजीवालय ही कल्पनाच बदलली, हे लक्षात घ्यावयास हवे. प्रेक्षक पूर्वी खिडकीतून आत डोकावत असे. आता त्याला पाण्याच्या मध्यभागी उभे करावयाचे असते. खर्चाची बरीच वाढ या अपेक्षेतून उद्‌भवते.

काच आणि ॲक्रिलिक : ॲक्रिलिक म्हणजे पॉलिमिथिल मेथाक्रिलेट हे बहुवारिक (अनेक लहान रेणू साखळीसारखे जोडले जाऊन बनलेले संयुग) होय. जर्मनीत ओटो रोम यांच्या कंपनीने ‘प्लेक्सिग्लास’ आणि इंग्लंडमध्ये इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीने ‘पर्स्पेक्स’ या नावाने त्याचे तक्ते १९३० नंतरच्या दशकात बाजारात आणले. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या पारदर्शक छतांसाठी त्यांचा मोठा उपयोग झाला. ॲक्रिलिकची घनता सु. १·१९ व काचेची सु. २·५ आहे. त्याचा प्रणमनांक १·४९ म्हणजे पाण्याच्या १·३३ या प्रणमनांकाला काचेपेक्षा किंचित जवळचा आहे. साध्या काचेत लोहाच्या अंशामुळे जी हिरवट झाक असते ती जाडीबरोबर गडद होत जाते. ॲक्रिलिक मात्र अर्धा मीटर जाडीतही जवळजवळ रंगहीन राहते. मोठ्या जलजीवालयांत काच मागे पडण्याचे हे एक मुख्य कारण आहे. दुसरे कारण असे की, ॲक्रिलिकचे दोन तुकडे त्याच द्रव्याने जोडता येतात आणि जोड जवळजवळ दिसेनासा करता येतो. काचेबाबत हे शक्य नाही.

ॲक्रिलिक वजनाने हलके म्हणून स्वस्त पडते, असे वारंवार सांगितले जाते. हे विधान समान जाडीपुरतेच खरे आहे. ॲक्रिलिकचा स्थितिस्थापकता गुणांक काचेच्या सु. तेविसाव्या हिश्श्याएवढाच असल्याने, तितकाच ताठपणा मिळविण्यास त्याचे तावदान काचेच्या सु. २·९ पट जाड घ्यावे लागते. म्हणजे वजन कमी होण्याऐवजी सु. एक-तृतीयांशाने वाढते. प्रत्यक्षात ॲक्रिलिकला काचेपेक्षा जास्त बाक येऊ दिला जातो, त्यामुळे एवढी जाडी लागत नाही. काच अचानक फुटून तुकडे उडतात तसे ॲक्रिलिकचे सहसा होत नाही आणि आघात ते पुष्कळ अधिक सोसते. उलट त्यावर ओरखडे सहज पडतात. अल्कोहॉल किंवा अमोनियायुक्त स्वच्छकद्रव्याने पुसल्यास ताण असलेल्या भागात केसासारख्या सूक्ष्म भेगांचे जाळे उमटते. फडका कोणत्या द्रवात बुडवावा, यासारखी क्षुल्लक वाटणारी बाब येथे लाखो रुपयांची ठरू शकते.

पाण्याची खोली व तावदानाची जाडी : पाण्याचा दाब केवळ खोलीवर अवलंबून असतो. दर मीटर खोलीला तो दर चौ. मी.ला सु. १ टन या प्रमाणात वाढतो. मागे किती पाणी आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. तावदानामागे ३ मी. पाणी असो की ३ किमी. पसरलेला समुद्र असो, खोली तीच असेल तर तावदानावरील भारही तोच. हा नियम जुना असला, तरी जलजीवालयाच्या आराखड्यात त्याचा फायदा क्वचितच घेतला जातो.

समजा, दोन टाक्यांत प्रत्येकी ३६,००० लि. पाणी आहे. पहिली ८ मी. लांब, ३ मी. रुंद (पुढून मागे) व १·५ मी. खोल आहे, दुसरी ४ मी. लांब, ३ मी. रुंद व ३ मी. खोल आहे. दोन्हींच्या दर्शनी बाजूचे क्षेत्रफळ १२ चौ. मी. भरते. परंतु गोड्या पाण्याचा एकूण भार पहिलीच्या तावदानावर ९ टन, तर दुसरीच्या तावदानावर १८ टन येतो. येथवर खर्च दुप्पट होईल असे वाटते. पण तावदान खालच्या व वरच्या कडांवर तोललेले असते आणि खोली वाढली की त्या दोन आधारांमधील अंतरही वाढते. लांबट तावदानाची खोली दुप्पट केल्यास दाब दुप्पट व आधारांतील अंतर दुप्पट होऊन, जाडी तीच राहिल्यास त्यातील प्रतिबल (एकक क्षेत्रावर येणारा ताण) आठपट होते. प्रतिबल पूर्वीइतके ठेवावयाचे तर जाडी सु. २·८ पट करावी लागते; बाक प्रमाणात ठेवणे एवढेच उद्दिष्ट असेल, तर सु. २·५ पट. आखूड तावदानाला दोन्ही बाजूंच्या कडांचा थोडा आधार मिळतो हे जमेस धरले, तरी वरील दुसऱ्या टाकीचे तावदान पहिलीच्या दुपटीहून अधिक जाड लागेल. पाणी तेवढेच, पाहण्याचे क्षेत्रही तेवढेच, पण महागडे द्रव्य दुपटीहून जास्त, असा हा हिशेब आहे.

याउलट टाकीची पुढून मागे जाणारी रुंदी वाढविल्यास तावदानाचा खर्च मुळीच वाढत नाही. तावदानातून पाहताना पाण्यातील अंतर प्रत्यक्षाच्या सु. तीन-चतुर्थांश भासते, म्हणजे ३ मी. रुंदीची टाकी सव्वादोन मीटरांची वाटते. म्हणून खोलपणाचा आभास हवा असेल, तर तो उंचीत शोधण्याऐवजी रुंदीत शोधणे शहाणपणाचे आहे.

जाडी ठरविताना तन्य बलाचा प्रसिद्ध आकडा घेऊन चालत नाही. ॲक्रिलिकचा नमुना यंत्रात ओढून तोडल्यास तो दर चौ. सेंमी.ला सु. ७०० किग्रॅ. ताण सहन करतो. परंतु जलजीवालयात भार काही मिनिटे नसून अहोरात्र वीस-तीस वर्षे असतो. अशा अखंड भाराखाली प्लॅस्टिक अतिशय सावकाश वाकत जाते आणि त्याच्या अंगचे बल घटते. म्हणून अभिकल्पात या आकड्याचा सु. दहावा हिस्साच विचारात घेतात. निविदा मागविणाऱ्या संस्थेला ही ‘जादा’ जाडी उधळपट्टी वाटण्याचा संभव असतो. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याचा रिवाज रस्त्याच्या कडेचे कठडे बांधताना चालून जाईल. येथे जाडी, गृहीत धरलेले प्रतिबल व आयुर्मान हे तीनही आकडे निविदेतच नमूद असल्याखेरीज दोन दरांची तुलना करणे निरर्थक आहे.

जपानमधील ओकिनावा बेटावर २००२ मध्ये खुल्या झालेल्या चुराउमी जलजीवालयातील मोठ्या टाकीत सु. ७,५०० घ. मी. पाणी आहे. तिचे मुख्य तावदान २२·५ मी. लांब, ८·२ मी. उंच व सु. ६० सेंमी. जाड असून त्यात अंदाजे १३० टन ॲक्रिलिक आहे. पाणी त्याच्या वरच्या कडेपर्यंतच आहे असे धरले, तरी त्यावरील भार ७७० टनांहून अधिक भरतो. दुबईत २००८ मध्ये बसविलेल्या तावदानाची जाडी सु. ७५ सेंमी. असून लांबी ३२ मी.हून जास्त आहे. अशी तावदाने पुरविणारे निर्माते जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असल्याने, विशिष्ट आकारापुढे किमतीत चढाओढ फारशी राहत नाही, हाही खर्चाचा एक घटकच समजावयास हवा.

तक्त्यांची घडण : बाजारात मिळणारे पातळ ॲक्रिलिक तक्ते पुष्कळदा मळसूत्री यंत्रातून दाबून काढलेले असतात. ते स्वस्त असले तरी मोठ्या टाकीस चालत नाहीत. तेथे साच्यात ओतून केलेले तक्तेच लागतात. त्यांचा कच्चा माल म्हणजे मिथिल मेथाक्रिलेट हा द्रव. तो मुख्यत्वे ॲसिटोन व हायड्रोजन सायनाइड यांपासून बनवितात, त्यामुळे त्याचा भाव खनिज तेल रसायनांच्या भावाबरोबर वरखाली होतो. परंतु जाड तक्त्याची किंमत द्रव्यापेक्षा वेळेमुळे अधिक वाढते, आणि त्याचे कारण रसायनशास्त्रीय आहे.

बहुवारिकीकरण होत असताना पुष्कळ उष्णता बाहेर पडते. द्रव घट्ट होऊ लागला की विक्रिया मंदावण्याऐवजी आणखी वेग घेते. ॲक्रिलिक उष्णतेचे दुर्वाहक असल्याने जाड तक्त्याच्या मध्यभागातील उष्णता बाहेर पडू शकत नाही. मिथिल मेथाक्रिलेट सु. १००° से.ला उकळत असल्याने तेथे बुडबुडे धरतात आणि तक्ता वाया जातो. शिवाय द्रवाचे घनात रूपांतर होताना आकारमान सु. एक-पंचमांशाने घटते. हे आकुंचन सर्वत्र सारखे झाले नाही तर आत ताण गोठून राहतात. या अडचणी टाळण्यासाठी विक्रिया कमी तापमानात व आवश्यक तेथे वाढीव दाबाखाली, हळूहळू घडवून आणतात. त्यानंतर तक्ता भट्टीत सु. ८०°–९०° से.पर्यंत तापवून तासाला काही अंश या गतीने थंड केला जातो. या क्रियेस अनुशीतन म्हणतात. जाडी वाढली की अनुशीतनाचा काळ तिच्या प्रमाणापेक्षाही जास्त वाढतो आणि तो दिवसांत न मोजता आठवड्यांत मोजावा लागतो. तेवढा काळ भट्टी अडकून पडते. ‘किलोला अमुक रुपये’ हा दर २ सेंमी. तक्त्याला व २० सेंमी. तक्त्याला सारखा का नसतो, याचे उत्तर या भट्टीत आहे.

फार जाड तावदान एकाच ओतकामात न करता काही सेंमी. जाडीचे तक्ते एकमेकांवर चिकटवून करतात. यात प्रत्येक थर तपासता येतो व सदोष तक्ता आधीच बाजूला काढता येतो. मात्र प्रत्येक जोडपृष्ठ घासून सपाट करावे लागते, धुळीचा कणही न राहू देता द्रव ओतावा लागतो आणि नंतर पुन्हा अनुशीतन करावे लागते. पारदर्शक वस्तूत दोष लपविता येत नाहीत. कारागिराच्या प्रत्येक चुकीला प्रेक्षक साक्षी असतो. त्यामुळे नाकारलेल्या मालाचा बोजा उत्तीर्ण मालावर पडतो.

जोड, वाहतूक व बसवणी : जहाजावरील नेहमीच्या चाळीस फुटी मालपेटीची आतील लांबी सु. १२ मी., तर रुंदी व उंची सु. २·३५ मी. असते. या मापात मावणारे तावदान व न मावणारे तावदान यांच्या किमतीत मोठी दरी आहे. न मावल्यास उघड्या चौकटीवरील विशेष वाहतूक, रस्त्यावरील परवाने, वळणे व पूल यांची पाहणी, भारी याऱ्या (क्रेन) आणि विमा हे सर्व वाढते. नाहीतर तावदान तुकड्यांत आणून जागेवर जोडावे लागते. लहान पेट्या विद्रावक लावून चिकटविता येतात, पण भार सोसणारा जोड त्याने होत नाही. दोन कडांमध्ये अरुंद फट ठेवून तीत मिथिल मेथाक्रिलेटाचा घट्टसर पाक ओततात व तो तेथेच कठीण होऊ देतात. नंतर जोडाभोवती तंबूसारखी बंदिस्त जागा करून, तीत ठराविक गतीने तापमान वाढवून व उतरवून अनुशीतन करतात आणि शेवटी घासून चकाकी आणतात. या काळात वीज खंडित होता कामा नये. बांधकामावरील इतर मजुरांनी उडविलेली सिमेंटची धूळ ही येथील नित्याची डोकेदुखी असते. ज्या प्रकल्पांत इतर कामे रेंगाळतात, त्यांत जोडकामाचे तज्ञ बसून राहतात आणि त्यांचा रोजचा भत्ता चालूच राहतो.

तावदान काँक्रीटच्या चौकटीत घट्ट बसवीत नाहीत. तापमानातील दर अंशाच्या फरकाने ॲक्रिलिकची लांबी काचेच्या सु. आठपट अधिक बदलते. २२ मी. लांबीचे तावदान १०° से. फरकाने सु. दीड सेंमी. लांब किंवा आखूड होते. ही हालचाल होऊ द्यावयाची, पण पाणी झिरपू द्यावयाचे नाही, यासाठी कडेने मोकळी जागा सोडून ती सिलिकोनच्या लवचिक लुकणाने भरतात आणि पाण्याचा दाब तावदानाला चौकटीच्या खाचेवर दाबून धरील अशी योजना करतात. चौकट काही मिमी. वाकडी असली तरी तावदान एका कोपऱ्यावर तोलले जाते. राहत्या घराच्या जमिनीवर दर चौ. मी.ला सु. २०० किग्रॅ. भार गृहीत धरतात, ३ मी. खोल पाणी म्हणजे त्याच जागेवर ३ टन. समुद्राचे पाणी असेल तर काँक्रीटमधील सळया गंजू नयेत म्हणून लेपित सळया व जलाभेद्य अस्तर लागते. जुन्या इमारतीत मोठे जलजीवालय बसविणे नव्या इमारतीपेक्षा महाग पडते ते या कारणांनी.

वक्र तावदाने : ॲक्रिलिक उष्णमृदू असल्याने तापवून साच्यावर वाकविता येते. वाकविण्यासाठी तेवढी मोठी भट्टी व प्रत्येक त्रिज्येसाठी वेगळा साचा लागतो, म्हणून एखादाच बोगदा करावयाचा असल्यास साच्याचा खर्च त्यालाच सोसावा लागतो. मात्र बोगद्यावर पाण्याचा दाब बाहेरून येतो आणि तो कमानीसारखा दाबला जातो. दाब सहन करणे द्रव्याला सोपे असल्याने बोगद्याचे तावदान त्याच खोलीच्या सपाट तावदानापेक्षा पातळ चालते. पाणी आत असलेल्या उभ्या दंडगोलात स्थिती नेमकी उलटी असते. तेथे भिंत पिंपाच्या पट्टीसारखी सतत ताणलेली असते आणि उभे जोड हा ताण उघडण्याचा प्रयत्न करीत असतो.

बर्लिनमधील एका हॉटेलच्या दालनात उभा असलेला १४ मी. उंचीचा ‘ॲक्वाडोम’ हा असाच दंडगोल होता. १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे तो फुटला, त्यातील सु. १० लाख लि. पाणी दालनातून रस्त्यापर्यंत वाहत गेले आणि सु. १,५०० माशांपैकी बहुतेक सर्व मेले. वेळ पहाटेची असल्याने दोनच माणसांना किरकोळ इजा झाली. त्यापूर्वी काही महिनेच आधी टाकीची दुरुस्ती होऊन ती पुन्हा भरण्यात आली होती. तज्ञांनी २०२३ मध्ये दिलेल्या अहवालात चिकटविलेल्या जोडाचा बिघाड, तळाजवळील ओरखड्यासारखी इजा आणि दुरुस्तीच्या काळात टाकी कोरडी राहिल्याने ॲक्रिलिकवर झालेला परिणाम, अशा तीन शक्यता मांडल्या. निश्चित कारण ठरविता आले नाही. ॲक्रिलिक पाण्यात राहून थोडे पाणी शोषते व कोरडे पडले की ते सोडते. या फरकाने पृष्ठभागावर ताण येतात. म्हणून दुरुस्तीसाठी टाकी रिकामी करण्याचा खर्च मांडताना तावदान ओलसर ठेवण्याची तजवीजही त्यात धरली पाहिजे.

पाण्याची निगा : तावदानावर एकदा खर्च होतो, पाण्यावर रोज होतो. माशांच्या उत्सर्गातून निघणारा अमोनिया विषारी असतो. सूक्ष्मजंतू त्याचे आधी नायट्राइटात व मग तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटात रूपांतर करतात. या जंतूंसाठी जैव गाळण्या, गढूळपणासाठी वाळूच्या गाळण्या, फेसाबरोबर विरघळलेली घाण काढणारी साधने आणि ओझोन किंवा जंबुपार किरणांची निर्जंतुकीकरण यंत्रे लागतात. टाकीतील सर्व पाणी तासा-दोन तासांत एकदा गाळले जावे असा सामान्य संकेत आहे. ताशी एक लाख लि. पाणी १२ मी. शीर्षाविरुद्ध फिरवावयाचे आणि पंपाची एकूण कार्यक्षमता ६० टक्के धरावयाची, तर सु. ५·५ किवॉ. शक्ती अखंड लागते. म्हणजे दिवसाला सु. १३० व वर्षाला सु. ४८,००० युनिट वीज. आणि हा हिशेब केवळ पाणी फिरविण्याचा झाला. दिवे, हवेचे पंप व शीतकरण वेगळे. पंप व जनित्र प्रत्येकी एक जास्तीचे ठेवावेच लागते, कारण दाटीने ठेवलेले मासे प्राणवायूवाचून फार वेळ तग धरत नाहीत. मुंबईत भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात २०१७ मध्ये प्रेक्षकांसाठी खुल्या झालेल्या पेंग्विन कक्षाने थंडाव्याचा खर्च हा सार्वजनिक चर्चेचा विषय केला. माशांच्या टाकीत तो तितका डोळ्यांत भरत नाही, एवढाच फरक.

समुद्राचे पाणी जवळ असणे ही मोठी सवलत आहे. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रास लाभलेला किनारा अंतर्भागातील संस्थेला विकत घेता येत नाही. अर्थात किनाऱ्यावरही पावसाळ्यातील गढूळ, कमी खारे पाणी आणि शहरी सांडपाणी यांमुळे साठवण व शुद्धीकरण टळत नाही.

अंतर्भागातील परिस्थिती, किल्लारी परिसर : लातूर जिल्ह्यातील किल्लारी हे गाव ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या ६·२ महत्तेच्या भूकंपाने सर्वज्ञात झाले. लातूर व धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांत मिळून त्यात सु. दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व त्यांवरील मातीची अवजड धाबी यांनी बहुतेकांचे बळी घेतले. दख्खनचे पठार स्थिर असल्याच्या समजुतीने हा भाग तोवर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या भूकंपक्षेत्रात गणला जात होता. भारतीय मानक संस्थेच्या २००२ च्या संहितेत पहिले क्षेत्रच रद्द करण्यात आले आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात घालण्यात आला [⟶ भूकंप].

जलजीवालयाच्या खर्चाशी याचा संबंध थेट आहे. भूकंपात बल वस्तुमानाच्या प्रमाणात येते आणि टाकीत सर्वांत मोठे वस्तुमान पाण्याचेच असते. तळाकडील पाणी टाकीबरोबर हलते व तावदानावर नेहमीच्या दाबाखेरीज जादा दाब आणते. वरचे पाणी हेलकावते व काठावरून उसळते. त्यामुळे काठ उंच ठेवावा लागतो, चौकट व पाया एकसंध बांधावा लागतो आणि तावदानाच्या खाचेत हालचालीस अधिक वाव द्यावा लागतो. येथेही उथळ टाकी सरस ठरते.

पायाचा प्रश्न भूकंपाविनाही आहेच. तेरणा व मांजरा यांच्या खोऱ्यांतील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल अशा भेगा पडतात. या भागातील घरांच्या जोत्यांना जाणारे तडे कोणीही पाहिलेले असतात. घराचा तडा गिलाव्याने बुजविता येतो. टाकीचा तळ एका बाजूने १ सेंमी. खचला तर तावदानाची खाच पिळवटते. म्हणून माती पूर्ण काढून खालच्या मुरुमावर किंवा काळ्या पाषाणावर पाया न्यावा लागतो. तो किती खाली लागेल हे प्रत्येक जागी खणूनच समजते, आणि अंदाजपत्रकातील सर्वांत अनिश्चित रक्कम बहुधा हीच असते.

तावदान आयात केल्यास ते न्हावा-शेवा बंदरातून सु. ५०० किमी. रस्त्याने आणावे लागेल. त्याहून अवघड प्रश्न पाण्याचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. पन्नास वाघिणींच्या गाडीतून एका खेपेस सु. २५ लाख लि. पाणी येत असे. ओकिनावाची वर वर्णिलेली टाकी एकदा भरावयास अशा तीन गाड्या लागतील. आधी घेतलेल्या ३६,००० लि.च्या उदाहरणात मागणी अर्थातच माफक आहे, परंतु ते पाणी समुद्राच्या पाण्यासारखे करावयाचे तर त्यात लिटरला ३५ ग्रॅ. प्रमाणे सु. सव्वा टन क्षार घालावे लागतील. स्वयंपाकाचे मीठ त्यास पुरत नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादींची योग्य प्रमाणातील लवणे लागतात. दर पंधरवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलल्यास प्रत्येक वेळी सव्वाशे किग्रॅ. क्षार खर्ची पडतात व तेवढे खारे पाणी टाकण्याची जागा शोधावी लागते. ते शेतात सोडता येत नाही. कूपनलिकेचे पाणी कठीण व नायट्रेटयुक्त असल्यास ते आधी शुद्ध करावे लागते, आणि त्या क्रियेतही काही पाणी वाया जाते. मे महिन्यात बाहेरचे तापमान ४०° से.च्या वर असता टाकीतील पाणी २६° से.च्या आसपास राखणे हा आणखी एक कायमचा खर्च.

गोड्या पाण्याचे जलजीवालय केल्यास क्षारांचा खर्च नाहीसा होतो, बदललेले पाणी बागेला देता येते आणि सळया गंजण्याची भीती कमी होते. मांजरा, तेरणा व गोदावरी यांच्या पाण्यात आढळणारे किंवा तेथील जलाशयांत सोडले जाणारे रोहू, कटला, मृगळ, मरळ, वाम, शिंगटा इ. मासे स्थानिक उष्ण पाण्याला सरावलेले असल्याने त्यांना शीतकरणही कमी लागते. प्रस्तुत लेखकाच्या मते मराठवाड्यातील नगरपालिकेने किंवा महाविद्यालयाने असा विचार केलाच, तर आठ-दहा मी. लांब, दीड मी.हून कमी खोल आणि पुढून मागे भरपूर रुंद अशी टाकी घ्यावी. तिचे तावदान मालपेटीत मावणाऱ्या तुकड्याचे असावे. जोड टाळण्यासाठी मध्ये काँक्रीटचे दोन खांब आले तरी बिघडत नाही. नदीकाठच्या वडाच्या मुळांसारखे रूप त्यांना देता येते. बाजारातून केवळ विक्रीच्या पाटीवर पाहिलेला मरळ पिलांच्या थव्याची राखण करताना कसा दिसतो, हे त्या भागातील फार थोड्या लोकांनी पाहिले असेल.

अशा टाकीसाठी निविदा काढताना पहिल्या पाच वर्षांची वीज, गाळण्यांची देखभाल, एका प्रशिक्षित मत्स्यपालाचे वेतन आणि तावदानाचे वर्षातून एकदा घासकाम या रकमा बांधकामाच्या अंदाजपत्रकातच दाखवाव्यात. पुष्कळ ठिकाणी त्या ‘नंतर पाहू’ म्हणून बाहेर ठेवल्या जातात. टाकी भरल्यावर आतील ओरखडे घासण्यास पाणबुड्या लागतो, आणि मराठवाड्यात तोही मुंबईहून बोलवावा लागेल.